‘टॉय’ : एका क्षुल्लक शब्दाची कुळकथा

मुलांच्या हाती दिल्या जाणाऱ्या वस्तूंना बहुतेक भाषांनी खेळण्याच्या क्रियेवरून नाव दिले आहे. मराठीत ‘खेळणे’ हे क्रियापद आणि ‘खेळणे’ हे नाम एकाच रूपात नांदतात. संस्कृतात ‘क्रीड्’ या धातूपासून ‘क्रीडनक’ सिद्ध होते. फ्रेंच भाषेतले ‘झुए’ हे नाम जवळजवळ त्याच उच्चाराच्या आणि खेळणे याच अर्थाच्या क्रियापदावरून आले आहे. जर्मन ‘श्पीलत्सॉइग’ आणि डच ‘स्पेलखूत’ या जोडशब्दांत पहिले पद खेळाचे, तर दुसरे साहित्याचे किंवा मालाचे वाचक आहे. इंग्रजीतही ‘प्लेथिंग’, म्हणजे खेळायची वस्तू, हा याच घडणीचा शब्द सतराव्या शतकापासून उपलब्ध होता आणि आजही तो कोशात आहे. परंतु दुकानाच्या पाटीवर, कायद्याच्या मसुद्यात आणि मुलांच्या तोंडी स्थिरावला तो ‘टॉय’ हा शब्द, आणि त्याच्या घडणीत मुलांच्या खेळाचा मागमूसही नाही. या शब्दाने आरंभी कोणत्याही वस्तूचे वर्णन केले नाही, त्याने तिचे मोल ठरवले. प्रौढांनी आपल्याच ज्या गोष्टी क्षुल्लक ठरवल्या त्यांना तो आधी लागला आणि मुलांच्या वाट्याला बऱ्याच उशिरा आला, हे या व्याख्यानाचे प्रतिपाद्य आहे.

शब्दाच्या मुळाविषयी कोशकारांत एकमत नाही, आणि ‘ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी’सारखा चिकित्सक कोशही तेथे अनिश्चिततेची नोंद करून थांबतो. लिंकनशायर परगण्यातील रॉबर्ट मॅनिंग या धर्मपंथीयाने १३०३ च्या सुमारास पापांची चर्चा करणारे एक दीर्घ पद्य रचावयास घेतले. त्यात हा शब्द शृंगारिक चाळ्यांच्या अर्थाने एकदा दिसतो आणि त्यानंतर जवळजवळ दोन शतके त्याचा पत्ताच लागत नाही. १५०० नंतर तो एकाएकी, अनेक अर्थांचे लटांबर घेऊन, सर्वत्र वावरू लागतो. मधल्या काळात तो बोलीत जिवंत होता आणि लिहिणाऱ्यांना लिहिण्याजोगा वाटला नाही, की मूळ शब्द लुप्त होऊन त्याच ध्वनीचा दुसराच शब्द परक्या किनाऱ्यावरून आला, हे ठरवण्याइतका पुरावा हाती नाही. परका किनारा म्हणजे अर्थातच उत्तर समुद्रापलीकडचा, कारण इंग्लंडचा लोकरीचा व्यापार फ्लँडर्स आणि हॉलंड या प्रदेशांशी चाले आणि जहाजांबरोबर शब्दही येत.

त्या किनाऱ्यावर दोन उमेदवार सापडतात. डच भाषेत ‘टाउख’ या शब्दाचा अर्थ अवजारे, सरंजाम, सामानसुमान असा आहे. जर्मन ‘त्सॉइग’ आणि डॅनिश ‘टॉय’ हे त्याचेच भाऊबंद, आणि डॅनिश भाषेत खेळण्याला ‘लायेतॉय’, म्हणजे खेळाचे सामान, असे म्हणतात. डॅनिश रूपाचा उच्चार इंग्रजी शब्दाशी तंतोतंत जुळतो हे खरे. तथापि तो शब्द डॅनिशमध्येही उत्तर जर्मनीतील बोलींतून गेलेला आहे, आणि ज्या काळात इंग्रजीने तो उचलला असावा त्या काळात ती डॅनिशकडून फारसे काही घेत नव्हती. डच रूप घ्यावे तर त्याच्या अखेरीचा कंठ्य ध्वनी इंग्रजीत कोठे गेला याचा उलगडा होत नाही. या शब्दकुळाचे मूळ ‘ओढणे, नेणे’ या अर्थाच्या एका प्राचीन धातूत आहे. लॅटिनमधील ‘दूकेरे’ हे क्रियापद त्याच धातूचे, आणि त्याच्याच गोतावळ्यातून इंग्रजीतील ‘एज्युकेशन’ हा शब्द आला आहे. शिक्षण आणि खेळणे यांना चुलत भावंडे ठरवणारी ही वंशावळ मोठी मोहक आहे, आणि मोहक व्युत्पत्तीकडे अंमळ संशयाने पाहणे हा कोशकाराचा धर्म आहे. दुसरा उमेदवार डचमधील ‘टोय’, म्हणजे साजशृंगार, नटण्याचे साहित्य. स्कॉटलंडमध्ये ‘टॉय’ हे वयस्क स्त्रियांच्या खांद्यापर्यंत उतरणाऱ्या टोपडीचे नाव होते, आणि कवी रॉबर्ट बर्न्स याने उवेवर रचलेल्या १७८६ च्या प्रसिद्ध कवितेत म्हातारीच्या फ्लॅनेलच्या ज्या ‘टॉय’चा उल्लेख केला आहे तो याच टोपडीचा. त्यात खेळण्याचा संबंध शोधणाऱ्या वाचकाची फसगत ठरलेली. निदान या स्कॉटिश टोपडीचा उगम नटण्यामुरडण्याच्या डच शब्दाकडे दाखवता येतो. उरलेल्या अर्थांचे खापर मात्र कोणत्याही एका पूर्वजाच्या माथी फोडता येत नाही.

सोळाव्या शतकात या शब्दाला जे अर्थ होते त्यांची जात पाहिली तर व्युत्पत्तीचा तिढा तितका महत्त्वाचा उरत नाही. प्रेमिकांचे लाडिक चाळे, मनात उठलेली लहर, पोकळ कल्पना, थट्टेची गोष्ट, फालतू दागिना, अशा भिन्न भिन्न गोष्टींना हा एकच शब्द लावला जाई. त्यांना जोडणारा धागा एवढाच की गंभीर माणसाने या कशातही गुंतू नये, अशी बोलणाऱ्याची धारणा असे. शेक्सपिअरच्या नाटकांत हा शब्द वारंवार येतो आणि तेथे तो मुलाच्या हातात क्वचितच असतो. डंकनचा खून झाल्यावर मॅक्बेथ जगात आता काही अर्थपूर्ण उरले नाही असे म्हणताना उरलेल्या सगळ्याला ‘टॉय’ ठरवतो; ‘हॅम्लेट’मध्ये उंच कड्यावर उभ्या राहिलेल्या माणसाच्या डोक्यात येणाऱ्या आत्मघाती लहरींसाठी होरेशिओ हाच शब्द योजतो; ‘ऑथेल्लो’मध्ये तो मदनाच्या विभ्रमांना लागतो आणि ‘द विंटर्स टेल’मधील फेरीवाला ऑटोलिकस याच नावाने डोक्यात घालायचे अलंकार विकतो. खून, आत्मघात, कामवासना आणि केसांतली शोभा या चौघांनाही सामावून घेणारा शब्द मुळात वस्तुवाचक असणे शक्य नाही. अर्थविज्ञानाच्या, म्हणजे शब्दार्थांच्या अभ्यासाच्या, परिभाषेत अशा शब्दाला मूल्यवाचक म्हणतात. तो वस्तू दाखवत नाही, बोलणाऱ्याचा तिच्याविषयीचा निवाडा सांगतो.

संगीतात मात्र या निवाड्याला सौम्य, जवळजवळ प्रेमळ छटा मिळालेली दिसते. सतराव्या शतकाच्या आरंभी संकलित झालेल्या आणि आज केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयात असलेल्या हस्तलिखितात व्हर्जिनल या लहान तंतुवाद्यासाठी, ज्यात पट्टी दाबली की तार छेडली जाते, रचलेल्या शेकडो चिजा आहेत. त्यांत जाइल्स फार्नबीची एक चीज नुसत्या ‘टॉय’ या नावाने आली आहे आणि जॉन बुल याची दुसरी ब्रन्सविकच्या डचेसच्या नावाने. अशा चिजा आखूड आणि हलक्याफुलक्या असत, आणि त्यांना ‘टॉय’ म्हणणारा वाजवणारा त्यांचा अवमान करीत नव्हता. आपण येथे फार मोठा दावा करीत नाही, एवढेच तो विनयाने सुचवीत असे.

विनय आणि तुच्छता यांच्या सीमेवर हा शब्द किती चलाखीने उभा राहू शकतो, याचा उत्तम नमुना फ्रान्सिस बेकनच्या निबंधात मिळतो. १६२५ च्या आवृत्तीत त्याने दरबारी मुखवटानाट्ये आणि मिरवणुका यांवर एक छोटा निबंध घातला. मुखवटानाट्य म्हणजे राजदरबारात सरदार आणि स्त्रिया वेषांतर करून, संगीत, नृत्य आणि भव्य देखावे यांच्या साहाय्याने सादर करीत तो खेळ, आणि त्यावर होणारा खर्च डोळे पांढरे करणारा असे. निबंधाच्या आरंभीच या गोष्टींना ‘टॉय’ ठरवून बेकन हात झटकतो, पण पुढे मेणबत्त्यांच्या उजेडात पांढरा, गुलाबी आणि समुद्रजलासारखा हिरवा हे रंग अधिक खुलतात, समूहगायन कोठून आले म्हणजे शोभते, पोशाख कसे असावेत, यांविषयी इतक्या बारकाईने सूचना देतो की मेणबत्त्या लावताना तो स्वतः मागे उभा राहिला असावा असे वाटते. शेवटी पुन्हा, पुरे झाल्या या ‘टॉय’च्या गोष्टी, अशा अर्थाचे वाक्य टाकून तो निघून जातो. ज्याच्यावर जीव आहे त्यालाच क्षुल्लक म्हणण्याची ही रीत लक्षात ठेवण्याजोगी आहे.

धर्माच्या क्षेत्रात याच शब्दाला धार चढली. आठव्या हेन्रीने रोमच्या पोपशी संबंध तोडल्यानंतर इंग्लंडमधील सुधारणावादी धर्मोपदेशकांनी जुन्या विधींना, मूर्तींना आणि अवशेषपूजेला पोपची ‘टॉय’ म्हणून हिणवायला सुरुवात केली. येथे शब्द आणि वस्तू यांची एक विलक्षण गाठ पडली. रॉजर एजवर्थ हा जुन्या मताला धरून राहिलेला उपदेशक ब्रिस्टल येथील आपल्या प्रवचनांत तक्रार करतो, की मठ मोडल्यानंतर तेथील मूर्ती इकडेतिकडे नेल्या गेल्या आणि मुलांना खेळायला दिल्या गेल्या; मुले त्या हातात घेऊन नाचवतात, आणि हे काय आहे असे आईबापांनी विचारल्यावर ही माझी मूर्ती असे बिनदिक्कत सांगतात. ही प्रवचने १५५७ मध्ये छापली गेली. सुधारकांनी जे तोंडाने म्हटले ते घराघरांतल्या मुलांनी हाताने खरे करून दाखवले, आणि एजवर्थसारख्या माणसाला त्यातली विटंबना अचूक कळली. देवाचे खेळणे करण्यासाठी मूर्ती फोडावी लागत नाही. ती मुलाच्या स्वाधीन केली की काम भागते, हे मूर्तिभंजकांना मूर्तिपूजकांइतकेच ठाऊक होते.

मुलांच्या खेळाच्या साधनाला ‘टॉय’ म्हणण्याचे दाखले सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून मिळू लागतात, पण पुढची दोनशे वर्षे हा अर्थ गर्दीतला एक होता. सतराव्या आणि अठराव्या शतकांत हा शब्द प्रामुख्याने बाजारात गेला आणि तेथे त्याने मूर्त वस्तूचे रूप धारण केले. लंडनचा ‘टॉयमन’ हा तपकिरीच्या डब्या, घड्याळाच्या साखळ्या, मोहरा, अत्तराच्या कुप्या, कात्र्या, पंखे आणि हातातल्या काठ्या विकणारा उच्चभ्रू दुकानदार होता, आणि त्याच्या दुकानात मुलाने पाऊल टाकले असते तर त्याने त्याला बहुधा हाकलून दिले असते. चेरिंग क्रॉसजवळच्या अशाच एका ख्यातनाम दुकानाच्या मालकीण असलेल्या श्रीमती शनेव्हिक्स यांच्याकडून होरेस वॉल्पोलने १७४७ मध्ये टेम्स नदीकाठी ट्विकनम येथील एक लहानसे घर भाडेपट्ट्याने घेतले, आणि हे घर म्हणजे त्या बाईंच्या दुकानातून आणलेली एक खेळवस्तूच आहे, असे त्याने मित्राला पत्राने कळवले. त्याच घराचे त्याने पुढे ‘स्ट्रॉबेरी हिल’ नावाच्या गॉथिक वाड्यात रूपांतर केले. रॉबर्ट डॉड्झ्ली हा एकेकाळी श्रीमंतांच्या घरी चाकरी करणारा तरुण. त्याने ‘द टॉय-शॉप’ हे एकांकी नाटक लिहिले आणि ते १७३५ मध्ये लंडनच्या कॉव्हेंट गार्डन नाट्यगृहात झाले. त्यातला दुकानदार प्रत्येक वस्तूबरोबर गिऱ्हाइकाला तिच्यातून निघणारा उपदेशही बांधून देतो. क्षुल्लक वस्तू विकणारा माणूसच क्षुल्लकतेवर प्रवचन करतो, ही कल्पना प्रेक्षकांना इतकी रुचली की डॉड्झ्लीला त्या यशावर आणि कवी पोपच्या मदतीवर पुस्तकांचे दुकान काढता आले. सॅम्युएल जॉन्सनच्या १७५५ च्या कोशातही ‘टॉय’चा पहिला अर्थ किरकोळ विकाऊ वस्तू, बिनमोलाची गोष्ट असाच दिलेला आहे.

या वस्तूंचा मोह नेमका कशात होता, याचे सर्वांत मर्मग्राही विवेचन ॲडम स्मिथने केले. अर्थशास्त्रज्ञ म्हणून विख्यात होण्यापूर्वी, १७५९ मध्ये, त्याने नैतिक भावनांवर जो ग्रंथ लिहिला त्यात ‘टॉय’वेड्या माणसांचे एक चित्र आहे. असली माणसे नगण्य उपयोगाच्या वस्तूंवर स्वतःला कर्जबाजारी करून घेतात, त्या ठेवण्यासाठी इतरांच्या कपड्यांना नसतात असे नवे खिसे शिवून घेतात आणि एवढा बोजा अंगावर वागवीत हिंडतात. स्मिथचे म्हणणे असे, की वस्तूपासून होणाऱ्या उपयोगापेक्षा तो उपयोग साधण्यासाठी केलेली तिची नेटकी, चपखल रचनाच त्यांना भुरळ घालते. आणि पुढे जाऊन तो दाखवतो, की संपत्ती आणि सत्ता यांच्यामागे धावणाऱ्यांचा मोहही याच जातीचा असतो. म्हणजे जो शब्द तुच्छतेसाठी राखून ठेवला होता त्याच्या आधाराने स्मिथने माणसाच्या सगळ्या धडपडीचा एक सिद्धान्त उभारला. आजच्या काळात खिशातल्या उपकरणांनी वाकलेल्या कोणाला त्या परिच्छेदात आपली छबी दिसली तर त्यात स्मिथचा दोष नाही.

या वस्तू बनत होत्या त्या मुख्यत्वे बर्मिंगहॅममध्ये. १७७७ मध्ये त्या शहरातील एका नाट्यगृहाला परवाना देण्याच्या विधेयकावर ब्रिटिश संसदेत चर्चा चालू असताना एडमंड बर्कने बर्मिंगहॅमला युरोपचे महान ‘टॉयशॉप’ म्हटले, आणि हे विशेषण आजतागायत शहराला चिकटले आहे. आजचा वाचक त्यातून लाकडी घोडे आणि बाहुल्या कल्पितो. बर्कच्या डोळ्यांसमोर बुटांचे बक्कल आणि कोटांची बटणे होती. १७६७ मध्ये जेम्स स्केचलीने छापलेल्या व्यापारी निर्देशिकेत, म्हणजे धंदेवाइकांच्या नावपत्त्यांच्या पुस्तकात, ‘टॉय’ बनवणाऱ्यांचे कच्च्या मालानुसार वर्ग पाडलेले दिसतात: सोन्याचांदीच्या वस्तू घडवणारे, कासवाच्या पाठीच्या कवचात काम करणारे आणि पोलादी काम करणारे. पोलादी कामातही पुढे ‘हलकी’ आणि ‘जड’ अशी विभागणी झाली, आणि जड ‘टॉय’मध्ये हातोड्या, सांडशा, पकडी यांसारखी सरळसरळ कारागिराची हत्यारे मोडत. ज्याला क्षुल्लक म्हणायचे त्याच्याच यादीत हातोडी बसली, हे पाहून कोशकाराने डोके धरावे. पण बर्मिंगहॅमच्या कारागिराच्या दृष्टीने यात विसंगती नव्हती, कारण त्याच्या लेखी ‘टॉय’ म्हणजे लहान आकाराची, बहुधा धातूची, घाऊक प्रमाणात तयार होणारी वस्तू.

या धंद्यातून काय निपजले ते मॅथ्यू बोल्टन याच्या चरित्रात पाहता येते. १७२८ मध्ये जन्मलेल्या बोल्टनचे वडील याच व्यवसायात होते, आणि त्याने बर्मिंगहॅमलगत हँड्सवर्थ येथे सोहो हा कारखाना उभारला, जो १७६६ च्या सुमारास पूर्ण झाला. बक्कल, बटणे, घड्याळाच्या साखळ्या, चांदीची भांडी असा माल तेथे एकाच छपराखाली, कामाची बारीक विभागणी करून तयार होई. चांदीच्या मालाचा कस तपासून शिक्का मारण्याची सोय शहरात नसल्याने माल दूरच्या गावी पाठवावा लागे. तेव्हा बोल्टनने संसदेत खटपट करून १७७३ मध्ये बर्मिंगहॅमला स्वतंत्र कसोटी-कार्यालय मिळवून दिले. १७७५ मध्ये जेम्स वॉटशी त्याची भागीदारी झाली, आणि बक्कल घडवणाऱ्या कुशल हातांची परंपरा वाफेच्या इंजिनाच्या कामी आली. ठसे, छाप आणि दाबयंत्रे हे बटणांच्या धंद्याचे तंत्र नाणी पाडण्यासाठीही वळवता येत होते. बोल्टनने सोहो येथे टांकसाळ घातली, आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई इलाख्यासाठी १७९१ सालची तांब्याची नाणी तेथूनच पाडून आली. तराजूचे चित्र आणि कंपनीचे चिन्ह असलेली ही नाणी मुंबईच्या बाजारात फिरली तेव्हा, ज्यांना इंग्लंडात क्षुल्लक म्हटले जाई त्या वस्तूंच्या कारखान्याचा माल कोकणपट्टीतल्या माणसाच्या कनवटीला पोहोचला होता.

त्याच साली, म्हणजे १७९१ मध्ये, इंग्लंडमधील बक्कल बनवणाऱ्या कारागिरांनी तेथील युवराजाकडे अर्ज केला, कारण बुटांना बक्कल लावण्याची रीत मोडून नाडी बांधण्याची फॅशन आली होती आणि हजारो हात रिकामे होत होते. युवराजाने सहानुभूती दाखवली आणि फॅशनने दाखवली नाही. या घटनेचा शब्दाच्या इतिहासाशी संबंध असा, की ‘टॉय’ या छत्राखाली असलेला प्रौढांचा माल याच सुमारास विखुरला: काही वस्तू वापरातून गेल्या, काहींना ‘ज्वेलरी’ हे प्रतिष्ठित नाव मिळाले, हातोड्या आणि पकडी ‘हार्डवेअर’मध्ये गेल्या. भाषाशास्त्रात ज्याला अर्थसंकोच म्हणतात, म्हणजे व्यापक अर्थाच्या शब्दाने एका कोपऱ्यात मावणे, तो येथे घडला, आणि कोपरा मुलांचा होता. प्रौढांनी एकेक करून आपला माल उचलून नेल्यावर घर ज्यांच्या ताब्यात राहिले ती मुले होती.

परंतु मुलांनी ते रिकामे सापडले म्हणून घेतले, एवढेच म्हणणे पुरेसे नाही. अठराव्या शतकात मुलांसाठी माल तयार करणारा बाजारही हळूहळू उभा राहत होता. जॉन लॉकने १६९३ च्या आपल्या शिक्षणविषयक ग्रंथात मुलांना खेळवस्तू असाव्यात असे म्हटले, पण त्या विकत न आणता मुलांनी स्वतः बनवाव्यात, आणि गुळगुळीत गोटा, कागदाचा तुकडा, आईच्या किल्ल्यांचा जुडगा यांनीही तान्ह्यांचे भागते, असा त्याचा सल्ला होता. पन्नास वर्षांनी, १७४४ मध्ये, जॉन न्यूबेरी या प्रकाशकाने मुलांसाठी एक छोटे पुस्तक काढले आणि दोन पेन्स जास्त देणाऱ्यास मुलगा असल्यास चेंडू, मुलगी असल्यास टाचण्यांची गादी सोबत दिली. लॉकचे तत्त्वज्ञान आणि न्यूबेरीचा व्यवहार या दोन टोकांमध्येच पुढची सारी खेळण्यांची बाजारपेठ मावते. १७६० मध्ये विल्यम हॅम्ली याने लंडनच्या हॉबर्न भागात ‘नोहाज आर्क’ या नावाने दुकान काढल्याचे सांगितले जाते. त्यातून वाढलेली ‘हॅम्लीज’ ही पेढी २०१९ मध्ये मुंबईच्या रिलायन्स समूहाने विकत घेतली.

या स्थित्यंतरातला निर्णायक क्षण निवडायचा तर तो १७९८ हा निवडावा. त्या वर्षी मराया एजवर्थ आणि तिचे वडील रिचर्ड लव्हेल एजवर्थ यांनी ‘प्रॅक्टिकल एज्युकेशन’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्याच्या पहिल्याच प्रकरणाला ‘टॉइज’ हे शीर्षक दिले. ज्या शब्दाने बेकनने हात झटकले त्याने एका गंभीर शिक्षणग्रंथाचा आरंभ व्हावा, याला शब्दार्थाच्या अभ्यासात अर्थोत्कर्ष म्हणतात, म्हणजे हीन अर्थाचा शब्द वर चढणे. एजवर्थ पितापुत्रीचे म्हणणे होते, की चकचकीत, नाजूक खेळणी मुले मोडतात त्यात खोडसाळपणा नसतो. करण्यासारखे काही न उरल्याने, आत काय आहे हे पाहण्याच्या ओढीने ती मोडतात. म्हणून शहाण्या माणसाच्या ‘टॉयशॉप’मध्ये सुताराची हत्यारे, तयार केलेले लाकूड, स्क्रू, खिळे आणि सरस असावा. या यादीत बर्मिंगहॅमच्या जड ‘टॉय’मधली हातोडी परत आलेली दिसते, आणि शब्दाच्या मुळाशी डच अवजारेच असतील तर अवजाराचा अर्थही परत आला म्हणायचा, परंतु पुस्तकाच्या लेखकांना यातले काही ठाऊक असण्याचे कारण नव्हते. मोडलेल्या खेळण्याबद्दल मुलाला शिक्षा न करता खेळण्याला दोष देणारे इतके स्पष्ट विवेचन इंग्रजीत त्यापूर्वी क्वचितच झाले असेल, आणि या एका मुद्द्यासाठीसुद्धा ते प्रकरण आजच्या पालकांनी वाचावे.

शब्द वर चढला तरी जुना निवाडा त्याच्या अंगातून पूर्णपणे गेला नाही. एकोणिसाव्या शतकात वैज्ञानिक करमणुकीच्या उपकरणांना ‘तात्त्विक टॉय’ म्हणत, आणि तेथे ‘तात्त्विक’ याचा अर्थ निसर्गविज्ञानासंबंधी असा होता. डेव्हिड ब्रूस्टरने १८१७ मध्ये स्वामित्वहक्क मिळवलेले कॅलिडोस्कोप हे त्यातलेच, आणि दृष्टीच्या भ्रमावर चालणारी फिरत्या चित्रांची चक्रेही त्यातलीच, ज्यांच्यातून पुढे चित्रपटाचे तंत्र विकसित झाले. शास्त्रज्ञांनी उपकरण गंभीरपणे रचले तरी त्याला ‘टॉय’ म्हणून घेण्याची दक्षता बाळगली, ही बेकनच्या वेळची सवय होय. आजही एखाद्या कल्पनेशी मन चाळा करीत असेल तर इंग्रजी क्रियापद हेच असते, आणि मांडीवर मावणाऱ्या कुत्र्याच्या जातींना हेच विशेषण लागते, त्यात केवळ आकाराचा अर्थ उरतो. याच आकारवाचक अर्थाने नेरळहून माथेरानला १९०७ पासून जाणाऱ्या दोन फूट रुंदीच्या रुळांवरील गाडीला ‘टॉय ट्रेन’ हे नाव पडले. घाटातली अवघड वळणे चढणाऱ्या या गाडीला खेळण्यात जमा करणे तिच्यावर अन्याय करणारे आहे, पण प्रवाशांना त्याचे वाईट वाटत नाही.

कायद्याला मात्र अशा छटांवर भागवता येत नाही. त्याला सीमा आखावी लागते. युरोपीय संघाच्या २००९ च्या निर्देशात आणि भारत सरकारच्या २०२० च्या खेळणी गुणवत्ता नियंत्रण आदेशात, जो १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला, चौदा वर्षांखालील मुलांनी खेळण्यासाठी तयार केलेली किंवा तसा उघड हेतू असलेली वस्तू म्हणजे खेळणे, मग ती केवळ खेळण्यासाठीच असो वा नसो, अशा आशयाची व्याख्या आहे. म्हणजे वस्तू काय आहे यापेक्षा ती कोणाच्या हातात जायची आहे, यावर सारे ठरते. प्रौढांच्या निवाड्याची जागा येथे मुलाच्या वयाने घेतली.

अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार न्यायालयात २००३ मध्ये निकाली निघालेल्या एका वादात ही सीमा अधिक विचित्र ठिकाणी आखावी लागली. ‘टॉय बिझ’ ही कंपनी मार्व्हल चित्रकथांतील ‘एक्स-मेन’ आदी पात्रांच्या प्लॅस्टिकच्या मूर्ती आयात करीत असे. त्या वेळच्या अमेरिकी दरपत्रकाप्रमाणे माणसाची प्रतिकृती असलेली ‘बाहुली’ असेल तर १२ टक्के आणि प्राण्याची किंवा अमानवी जिवाची प्रतिकृती असलेले ‘टॉय’ असेल तर ६.८ टक्के कर लागे. सीमाशुल्क खात्याने त्यांना बाहुल्या ठरवले, कंपनीने ‘टॉय’ म्हणून घेण्याचा आग्रह धरला. म्हणजे कमी प्रतिष्ठेचा मानला जाणारा शब्द या वेळी एका मोठ्या उद्योगाने हट्टाने मागितला, कारण त्यात पैसा वाचत होता. न्यायाधीश जुडिथ बार्झिले यांनी एकेक मूर्ती तपासली, नखे, पंख आणि शुंडा यांची नोंद घेतली, आणि ही पात्रे माणसे नव्हेत, म्हणून ‘टॉय’ होत, असा निर्णय दिला. ज्या चित्रकथांचा गाभाच मुळी जन्मतः वेगळे असलेल्यांना माणूस म्हणून मान्यता मिळावी हा आहे, त्यांच्या चाहत्यांना हा निकाल खुपला, आणि कंपनीला मात्र हवा तोच न्याय मिळाला. २००७ पासून अमलात आलेल्या जागतिक मालवर्गवारीत बाहुल्या आणि इतर खेळणी यांची वेगवेगळी शीर्षके मोडून ती ९५०३ या एकाच क्रमांकाखाली आणण्यात आली, त्यामुळे कोण माणूस आणि कोण नव्हे हे ठरवण्याचे काम निदान खेळण्यांपुरते तरी सीमाशुल्क अधिकाऱ्यांच्या गळ्यातून सुटले.